सालईची राळ आणि चिरकारी शोथविकार

सातपुड्याच्या व विदर्भाच्या शुष्क पानझडी वनांत सालईचा वृक्ष आढळतो. वनस्पतिशास्त्रात त्यास बॉस्वेलिया सेराटा म्हणतात. बर्सेरेसी कुलातील हा वृक्ष गुग्गुळाचा आप्त होय. त्याच्या सालीस खाच पाडली असता जो सुगंधी स्राव पाझरून घट्ट होतो, तो बाष्पनशील तेल, डिंक व राळ यांचे मिश्रण असतो. आयुर्वेदात वृक्षास शल्लकी व स्रावास कुंदुरू अशी नावे असून संधिविकारांवर त्याचा उपयोग फार काळापासून होत आला आहे. या उपयोगास आधुनिक औषधविज्ञानाचा आधार कितपत लाभतो व तो कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शोथ ही मूलतः शरीराची संरक्षक प्रतिक्रिया होय. इजा किंवा जंतुसंसर्ग दूर झाल्यावर ती शमावयास हवी; ती शमत नाही तेव्हा तिला चिरकारी रूप येते. या प्रतिक्रियेत ॲराकिडॉनिक अम्लापासून शोथकारक द्रव्ये प्रामुख्याने दोन मार्गांनी निर्माण होतात : सायक्लो-ऑक्सिजनेज या एंझाइमाच्या द्वारे प्रोस्टाग्लँडिने आणि ५-लिपॉक्सिजनेज या एंझाइमाच्या द्वारे ल्युकोट्राइने. ॲस्पिरीन व तत्सम औषधे पहिला मार्ग रोखतात. परंतु त्यांच्या दीर्घ सेवनाने जठराच्या अस्तरास अपाय होतो आणि दुसरा मार्ग तर मोकळाच राहतो. सालईच्या राळेविषयी संशोधकांस जे कुतूहल वाटले, ते या दुसऱ्या मार्गामुळे.

राळेतील क्रियाशील घटक म्हणजे बॉस्वेलिक अम्ले. ही पंचवलयी ट्रायटर्पीन वर्गातील अम्ले होत. १९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील जी. बी. सिंग व सी. के. अटल यांनी राळेच्या अर्काचा शोथरोधक गुण प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिला. पुढे १९९२ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आमोन यांच्या गटाने असे सिद्ध केले की, ही अम्ले ५-लिपॉक्सिजनेजला रोखतात आणि त्यांत ॲसिटिल-११-कीटो-बीटा-बॉस्वेलिक अम्ल सर्वांत प्रभावी आहे. उंदराच्या श्वेत पेशींतील ल्युकोट्राइनांची निर्मिती निम्म्यावर आणण्यास त्याची १.५ मायक्रोमोल प्रति लिटर एवढी संहती पुरली.

येथवरचा पुरावा समाधानकारक वाटतो. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. हे अम्ल पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून आतड्यातून अल्प प्रमाणात शोषले जाते. औषध पोटात घेतल्यावर मानवी रक्तात त्याची संहती सामान्यतः ०.१ मायक्रोमोलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळते. स्निग्ध भोजनासोबत घेतल्यास ती कित्येक पटींनी वाढते, हे २००४ मध्ये दाखविण्यात आले. तरीही अपेक्षित पातळी गाठली जात नाही. शिवाय रक्तातील अल्ब्युमिन या अम्लास बांधून ठेवते. तेव्हा परीक्षानळीत जे घडते तेच रुग्णाच्या शरीरात घडत असेल, असे गृहीत धरता येत नाही.

या अडचणीमुळे शोधाची दिशा बदलली. २००९ ते २०११ या काळात कॅथेप्सिन-जी आणि प्रोस्टाग्लँडिन-ई तयार करणारे एक एंझाइम ही या अम्लांची अन्य लक्ष्ये म्हणून पुढे आली. विशेष म्हणजे त्यांवर बीटा-बॉस्वेलिक अम्लही परिणाम करते, आणि ते रक्तात पुष्कळ अधिक प्रमाणात आढळते. २०२० मध्ये स्फटिकरचनेच्या अभ्यासातून असे दिसले की, कीटो अम्ल ५-लिपॉक्सिजनेजच्या क्रियास्थानी न बसता दूरच्या एका खाचेत बसते आणि एंझाइमाच्या विक्रियेचे स्थानच पालटते. म्हणजे ते एंझाइमास केवळ थांबवीत नाही, तर त्याच्या कार्यास वेगळे वळण देते.

रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्षही असेच सावधपणे वाचावयास हवेत. २००३ मध्ये नागपूरच्या संशोधकांनी गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथाच्या ३० रुग्णांवर केलेली द्विअंध चाचणी प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक रुग्णास ८ आठवडे अर्क व ८ आठवडे औषधहीन गोळ्या आलटून देण्यात आल्या. अर्काने वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला आणि चालण्याचे अंतर वाढले. मात्र क्ष-किरण चित्रांत कोणताही फरक आढळला नाही. याउलट क्रोन यांच्या आंत्रविकारात उपशम टिकविण्यासाठी जर्मनीत ५२ आठवडे चाललेल्या चाचणीत अर्क निर्धोक ठरला, पण औषधहीन गोळ्यांहून सरस ठरला नाही. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून एवढेच म्हणता येते की, सालईची राळ गुडघ्याच्या विकारात लक्षणांना उतार देऊ शकते. ती झिजलेली कूर्चा पूर्ववत करते किंवा सर्वच शोथविकारांवर चालते, असे म्हणण्यास आधार नाही. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. वेदना थांबली म्हणजे विकार थांबला, अशी समजूत झालेला रुग्ण आवश्यक उपचार पुढे ढकलतो आणि त्याची भरपाई नंतर होत नाही. म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न सतत समोर ठेवावेत : अर्कात कोणते अम्ल किती प्रमाणात आहे, त्यांपैकी रक्तात किती पोहोचते आणि तेवढ्या प्रमाणात ते कोणत्या लक्ष्यावर क्रिया करते. या तिन्ही उत्तरांची सांगड बसल्याशिवाय परंपरेने दिलेल्या संकेतास औषधाची प्रतिष्ठा प्राप्त होणार नाही.