‘माजी’, ‘गुन्हेगार’ आणि ‘पश्चात्ताप’ : एका शीर्षकातले तीन अवघड शब्द

‘सोलापूर शहरातील माजी गुन्हेगारांच्या पश्चात्तापाचा अभ्यास’. पीएचडीच्या प्रवेशासाठी असा विषय घ्यायची इच्छा बऱ्याच जणांना असते. विषय चांगलाच आहे. पण मुलाखतीत समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘माजी म्हणजे कधीपासून? गुन्हेगार कुणाला म्हणणार? आणि पश्चात्ताप मोजणार कसा?’ या तीन प्रश्नांवर जगभरात भरपूर काम झालेलं आहे, आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर तर आपल्या सोलापूरच्या इतिहासातच दडलेलं आहे. म्हणून आज हे तीन शब्द एकेक करून सोडवून बघू.

‘माजी’ कधीपासून?

समजा, सात रस्त्याच्या स्टँडवर रिक्षा चालवणारा एक माणूस आहे. पूर्वी चोऱ्या करायचा, आता तीन वर्षं पोलीस रेकॉर्डवर काही नाही. (उदाहरण काल्पनिक आहे.) तो माजी झाला का? की मध्ये नुसता थांबलाय? की आता पकडलाच जात नाही?

गुन्हेगारीशास्त्रात या सुटण्याच्या प्रक्रियेला ‘डेझिस्टन्स’ म्हणतात, म्हणजे गुन्ह्यापासून हळूहळू दूर होत जाणं. शॅड मरुना आणि स्टीफन फॅरल यांनी २००४ मध्ये त्याचे दोन टप्पे केले. प्राथमिक टप्प्यात माणूस काही काळ गुन्हा करत नाही. दुय्यम टप्प्यात ‘मी आता तो माणूस राहिलो नाही’ अशी त्याची स्वतःबद्दलची ओळखच बदलते. पहिला टप्पा रेकॉर्डवरून थोडाफार दिसतो, दुसरा मात्र माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही. तुमचा अभ्यास कोणत्या टप्प्याचा आहे, हे प्रस्तावात पहिल्याच पानावर लिहा.

बदल कशामुळे होतो, यावर रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांचं काम वाचायलाच हवं. बॉस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांची ग्लुक दांपत्याने विसाव्या शतकाच्या मध्यात गोळा केलेली माहिती त्यांनी पुन्हा बाहेर काढली आणि पुढे त्यातल्या पुरुषांचा वयाच्या सत्तरीपर्यंत मागोवा घेतला. स्थिर नोकरी, लग्न, सैन्यातली भरती अशा गोष्टींनी आयुष्याला वळण मिळाल्याचं त्यांना दिसलं. म्हणजे आधी मन बदललं आणि मग आयुष्य बदललं, असाच क्रम असतो असं नाही. कित्येकदा आधी काम मिळतं, रोजची वेळ बांधली जाते, आणि मन मागून बदलतं.

‘पश्चात्ताप’ म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण पश्चात्ताप, अपराधभाव, लाज हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. संशोधनात तसं चालत नाही. ‘मी केलं ते वाईट होतं’ हा अपराधभाव. ‘मीच वाईट आहे’ ही लाज. फरक छोटा वाटतो, पण परिणाम वेगळे आहेत. जून टँगनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४७६ कैद्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्यात अपराधभावाची प्रवृत्ती जास्त होती, त्यांनी सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी होतं. लाजेचं चित्र मात्र दुहेरी निघालं. लाज वाटून माणूस दुसऱ्यावर खापर फोडू लागला, तर गुन्ह्याचा धोका वाढतो. तसं झालं नाही, तर तीच लाज आवरही घालू शकते.

मरुनाने लिव्हरपूलमध्ये केलेल्या मुलाखतींचं पुस्तक २००१ मध्ये आलं. त्यातला निष्कर्ष आपल्या अपेक्षेच्या उलटा आहे. गुन्हा सोडलेली माणसं सतत स्वतःला दोष देत बसलेली नव्हती. ‘आतून मी चांगलाच होतो, परिस्थितीत अडकलो, आता इतरांना काही देऊ शकतो’ अशी गोष्ट ती सांगत होती. गुन्ह्यातच राहिलेले लोक मात्र ‘आपल्या हातात काहीच नाही’ असं म्हणत होते. तेव्हा समोरचा माणूस रडला नाही, परिस्थितीला दोष देतोय, म्हणून ‘पश्चात्ताप आढळला नाही’ असा शेरा वहीत मारू नका.

आणखी एक गोष्ट. तुरुंगात पश्चात्तापाला किंमत असते. चांगल्या वर्तनावर शिक्षेत माफी मिळू शकते. शेजारी अधिकारी उभा असताना कैदी काय बोलेल, हे सांगायला संशोधक कशाला हवा?

‘गुन्हेगार’ कोण ठरवतं?

आता सोलापूरकडे येऊ. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात अशा कुटुंबांची मोठी वसाहत उभी राहिली. कुंपण, हजेरी, परवानगीशिवाय बाहेर जायची बंदी. आजही शहरात त्या भागाला ‘सेटलमेंट’च म्हणतात. आणि सरकारच्या लेखी या सगळ्याचा हेतू काय होता? सुधारणा!

कधीही चोरी न केलेल्या बाईनं, तिथं जन्मलेल्या पोरानं पश्चात्ताप कशाचा करायचा? १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण शिक्का एवढ्यात पुसला गेला नाही. तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन या विषयाच्या विद्यार्थ्यांनी सिद्धांताच्या पुस्तकांइतकंच गंभीरपणे वाचावं.

अलीकडचं उदाहरण म्हणजे ‘ऑपरेशन परिवर्तन’. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, हातभट्टीच्या दारूविरुद्ध ही मोहीम सुरू केली. नुसते छापे घालून न थांबता अधिकाऱ्यांनी गावं दत्तक घेतली, समुपदेशन केलं, दुसरे रोजगार मिळवून द्यायचा प्रयत्न केला. मुळेगाव तांड्याचं नाव यात बरंच गाजलं. सॅम्पसन आणि लाउब वाचलेल्या विद्यार्थ्याला यात रोजगाराचा धागा लगेच दिसेल. पण संशोधकाचा प्रश्न त्याच्या पुढचा हवा : भट्टी सोडलेली बाई या बदलाला काय नाव देते? ती याला ‘सुधारले’ म्हणते, की ‘धंदा बदलला’ म्हणते? पोलिसांच्या आकड्यांवरून एवढंच कळतं की भट्टी पेटलेली सापडली नाही.

प्रस्ताव लिहिताना

– निवडीचा निकष ‘शिक्षा झालेली व्यक्ती’ असा स्पष्ट ठेवा. जात किंवा वस्ती हा निकष नको.

– फक्त सुधारलेल्यांना भेटू नका. गुन्हा न सोडलेलेही नमुन्यात नसतील, तर फरक कशाने पडला हे सांगता येणार नाही.

– आठवणी आजच्या नजरेतून सांगितल्या जातात. शक्य असेल तर त्याच माणसाला वर्षभराने पुन्हा भेटा.

– उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांचा तपशील विचारू नका. तुमची वही न्यायालयात मागवली जाऊ शकते, हे संमतीपत्रात साध्या भाषेत सांगा.

– नाव बदलून भागत नाही. गल्ली, धंदा आणि गुन्ह्याचं वर्ष एकत्र लिहिलं, तर अख्खी पेठ माणूस ओळखते.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ज्याने दहा वर्षं खपून गल्लीत ‘रिक्षावाला’ एवढीच ओळख मिळवली, त्याला आपल्या प्रबंधाने पुन्हा ‘माजी गुन्हेगार’ करून ठेवायचं का? शीर्षक नक्की करायच्या आधी मार्गदर्शकांशी यावर बोला. मला विचाराल, तर ‘शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींच्या जीवनकथा’ असं साधं शीर्षक पुरेसं आहे. पश्चात्ताप असेल, तर तो त्या कथांमधून येईल. नसेल, तर त्याच्या जागी काय आहे, तेच तुमचं संशोधन.