गोल न मारणारा पोरगा

जव्हार तालुक्यातलं वावर म्हटलं, की अजूनही अनेकांना १९९२-९३ सालचे कुपोषणाचे बालमृत्यूच आठवतात. मी मात्र तिथे जाते ती बचतगटाच्या बैठकीला. आणि भातकापणी झाली, की आधी नजरेला पडतात ती मोकळ्या खाचरात अनवाणी फुटबॉल खेळणारी मुलं!

मागच्या बैठकीनंतर गटातली एक जण मागे रेंगाळली. म्हणाली, "ताई, दिवाळी झाली की आम्ही वीटभट्टीवर निघणार. यंदा पोरालापण नेते."

पोरगा आठवीत. आजवर तो आजीजवळ राहून शाळा करायचा. मी म्हटलं, "अगं, शाळा बुडेल ना त्याची! आणि खेळतोय किती छान!"

"कसला छान? सर त्याला पाठीच उभा करतात. वर्ष झालं, एक गोल नाही मारला. गोल नाही तर नाव कसं होणार? त्यापेक्षा चार पैसे तरी कमवील."

मला काही उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. घरी येऊन मुलाला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "आई, अगं तो डिफेंडर आहे! पाठी उभं राहणं हेच त्याचं काम. राहुल भेके माहीत नाही तुला?"

मग त्या रात्री भाकरी थापता थापता मी आपल्या मुंबईच्या या मुलाची गोष्ट ऐकली.

राहुल भेके हा बचावपटू. समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. मुंबई एफसी, कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग केरळ, पुणे असे संघ बदलत तो २०१७ मध्ये बेंगळुरूच्या संघात पोचला. तरुणपणीची ही सगळी वर्षं त्याने पाठी उभं राहूनच काढली. पेपरात फोटो यायचे ते गोल मारणाऱ्यांचे.

१७ मार्च २०१८. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बेंगळुरूतच होता. राहुलच्या संघाने आधी गोल केला, पण चेन्नईच्या संघाने सामना ३-२ असा जिंकला. त्यातले दोन गोल कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोक्याने मारलेले. आणि मारणारा कोण? त्यांचा बचावपटू!

बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, पुन्हा अंतिम सामना. या वेळी मुंबईत, अंधेरीला, गोव्याच्या संघाशी. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, तोही संपत आला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, राहुल पुढे गेला आणि डोक्याने चेंडू जाळ्यात! बेंगळुरू पहिल्यांदा ही लीग जिंकलं, तेही राहुलच्या स्वतःच्या शहरात.

त्यानंतर जून महिन्यात थायलंडमध्ये तो भारताच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा खेळला. वय २८! तो सामना भारत ३-१ असा हरला. पण राहुल थांबला नाही. पुढे तो मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला मुंबईने २-१ असं हरवलं, त्यातला विजयी गोल राहुलचा. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. मे २०२४ मध्ये मुंबईने लीग जिंकली, तेव्हा तो कर्णधार होता.

ऐकता ऐकता मला आपल्या बायकांचंच काम आठवलं. भाकरी रोज वेळेवर ताटात पडते, तेव्हा कुणी काही बोलत नाही. एक दिवस करपली, की घरभर बोभाटा! बचावपटूचंही तसंच. त्याने अडवलेले गोल कुणी मोजत नाही, सुटलेला मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पुढच्या खेपेला मी तिला हे सगळं सांगितलं. तुझा पोरगा राहुल भेके होईल, असं मात्र म्हटलं नाही. तशी खोटी आशा दाखवणं बरं नव्हे. हजारांत एखादाच तिथवर जातो. पण राज्य पातळीपर्यंत खेळला तर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याहून मोठी कामगिरी केली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. मात्र त्यासाठी आधी शाळेच्या पटावर नाव टिकायला हवं ना! भट्टीवर गेलेलं पोर दिवाळीनंतर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. तोवर परीक्षा होऊन गेलेली असते.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सर त्याला मुद्दाम पाठी ठेवतात? भरवसा आहे म्हणून?"

"हो गं, भरवसा आहे म्हणूनच!"

"मग यंदाचं वर्ष राहू दे आजीजवळ," ती म्हणाली. पुढच्या वर्षाचं ती काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, शेजारात असं पाठी उभं राहणारं एखादं पोर असेल. त्याने किती गोल मारले, हे विचारू नका. किती अडवले, ते एकदा विचारून बघा.