विश्लेषण : फवारणीचा थेंब कपाशीवर की शेजारच्या धुऱ्यावर? ड्रोनच्या पंख्याखालचे गणित

वर्धा जिल्ह्यात कपाशीवर येणारे तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसतात. पाठीवरच्या पंपाने तिथवर पोहोचायचे तर मजुराला औषधाच्या तुषारातच चालावे लागते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ड्रोनमुळे माणूस तुषारापासून दूर राहतो. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. पण थेंब नेमका कुठे पडणार, हे बऱ्याच अंशी पंख्याखालची हवा ठरवते.

झोत किती जोराचा?

हवा खाली ढकलली जाते, म्हणून ड्रोन वर राहतो. भरलेल्या १० लिटर टाकीसह २५ किलोचा, ३० इंची चार पंख्यांचा ड्रोन धरू. एका जागी तरंगताना पंख्यातून जाणारी हवा सेकंदाला सुमारे साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने खाली येते. या झोताने पाने हलतात, उलटतात आणि औषध खालच्या बाजूलाही लागते. टाकी रिकामी झाली की वजन उरते १५ किलो आणि झोत जवळपास पाव हिश्शाने मंदावतो. पहिल्या आणि शेवटच्या ओळीची फवारणी सारखी नसते, ती यामुळेही!

मग संगणक कशाला?

वरचे गणित कागदावर सुटते. ड्रोन पुढे निघाला की मात्र झोत मागे कलतो, कडेला भोवरे तयार होतात आणि बारीक थेंब त्यांत सापडून वर उचलले जातात. वेग जास्त, उंची जास्त, तर औषध शेजारच्या तुरीवर किंवा विहिरीत. हे आधी पाहण्यासाठी संगणकात ड्रोनभोवतीच्या हवेचे लाखो बारीक कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्यात नेव्हियर-स्टोक्स समीकरणे सोडवतात. मग त्या हवेत लहानमोठे थेंब सोडून ते कुठे जातात ते बघतात. नोझल पंख्याखाली घ्यावे की बाहेर, याचा निर्णय असा घेता येतो.

फिरते प्रत्येक पाते दाखवायचे तर काही सेकंदांच्या उड्डाणासाठी संगणक दिवसदिवस चालू शकतो. म्हणून अनेकदा पंख्याऐवजी हवा ढकलणारी पातळ चकती धरतात. वेळ वाचतो, पण पात्याच्या टोकाचे भोवरे पुसट होतात आणि थेंब उडवण्यात त्यांचाच मोठा हात असतो.

शिवाय संगणकातली कपाशी ही खरी कपाशी नव्हे. म्हणून उत्तर शेतात तपासावेच लागते. पाणी लागले की निळा होणारा पिवळा कागद पानाच्या खाली आणि धुऱ्यापलीकडेही लावतात, टाकीत साधे पाणी भरून ड्रोन उडवतात आणि निळे ठिपके मोजतात.