परदेसिया मॅडमचा पगार

गेल्या महिन्यात रसमड्याहून एका माजी विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. तिने नुकतेच बी.एड. पूर्ण केले असून दुर्ग शहराजवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत तिची निवड झाली आहे. पगार महिना ८ हजार रुपये. रुजू होण्यापूर्वी मूळ प्रमाणपत्रे शाळेच्या कार्यालयात जमा करावी लागतील, असे तिला सांगण्यात आले आहे. ‘‘मैडम, ओरिजिनल जमा करे बर कहत हें. दे दँव का?’’ तिने छत्तीसगढीत विचारले. द्यावीत की नाही? मला लगेच उत्तर देता आले नाही. २०१२ मध्ये तशाच एका कार्यालयात मी माझी प्रमाणपत्रे जमा केली होती आणि चार वर्षांनी ती सोडवून घेताना मला साडेसहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मोजावी लागली होती.

रसमडा हे मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्यामध्ये येणारे लहानसे स्थानक. पलीकडे भिलाई आहे. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली. त्यांत केरळमधून आलेले माझे मामाही होते. सार्वजनिक क्षेत्रातील त्या नोकरीने त्यांना घर दिले, दवाखाना दिला, मुलांना शाळा दिली. रसमडा आणि बोरई परिसरातील स्पंज आयर्नचे खासगी कारखाने नंतरचे. तिथल्या कामगारांना यांपैकी काहीच मिळाले नाही. मुलांसाठी इंग्रजी शाळा मात्र त्यांनाही हवी होती. ती त्यांनी पदरचे पैसे मोजून मिळवली.

अशाच एका शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. प्रवेशद्वारावरील फलकावर ‘केरळचा अनुभवी शिक्षकवर्ग’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. तो शिक्षकवर्ग म्हणजे मी एकटीच, आणि माझा अनुभव शून्य होता. मुले मला ‘परदेसिया मैडम’ म्हणत. छत्तीसगढीत बाहेरून आलेल्या कोणालाही परदेसिया म्हणतात. त्यासाठी समुद्र ओलांडून यावे लागत नाही. या शब्दात थोडे कुतूहल असते, आणि आपल्या भूमीवरच्या नोकऱ्या बाहेरच्यांनी नेल्या हा जुना सलही असतो.

खरोखरीचा परदेशी इंग्रजी शिक्षक अशा शाळेला परवडणारा नव्हता. परदेशी नागरिकाला भारतात रोजगार व्हिसा मिळण्यासाठी अनेक वर्षे वार्षिक २५ हजार डॉलर वेतनाची किमान अट होती. अन्य भाषांच्या शिक्षकांना तीतून सूट होती. इंग्रजीच्या शिक्षकांना नव्हती. त्यामुळे मध्य आणि उत्तर भारतातील लहान शहरांनी परदेशी माणसाचा देशांतर्गत पर्याय शोधला : केरळ, दार्जिलिंग, ईशान्येकडील राज्ये. तोंडवळा वेगळा, हिंदी कच्चे, म्हणजे इंग्रजी पक्के असणार, असा पालकांचा समज. व्यवस्थापनाच्या दृष्टीने आणखी एक सोय असे. अशा माणसाचे गावात नातेवाईक नसतात, ओळखीचा नगरसेवक नसतो आणि भांडण झालेच तर बाजूने उभे राहणारे कोणी नसते.

शाळेची काटकसर खडूपासून सुरू होत असे. सकाळी दोन खडू मोजून मिळत आणि संध्याकाळी उरलेले तुकडे परत करावे लागत. वर्गातला पंखा मधल्या सुटीत बंद केला नाही तर वर्गशिक्षिकेला दंड. प्रश्नपत्रिकांच्या छायाप्रतींचा खर्च विषयशिक्षकाकडे. मी दुर्गहून पॅसेंजर गाडीने येत असे. गाडी दहा मिनिटे उशिरा पोहोचली की अर्ध्या दिवसाचा पगार जाई. मे महिन्याचा पगार मिळत नसे, कारण एप्रिलअखेर आमची नोकरी संपलेली असे आणि जूनमध्ये नवे नियुक्तिपत्र दिले जाई. सेवेत खंड पडला की सलग सेवेवर मिळणारे लाभ आपोआप टळतात, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

आता पगाराविषयी. रजिस्टरमध्ये १४ हजार रुपयांसमोर मी सही करीत असे आणि हातात ६ हजार ५०० रुपये पडत. आठ वर्गांत मिळून सुमारे ३०० मुले होती आणि महिन्याची फी ४५० रुपये. म्हणजे दरमहा १ लाख ३५ हजार रुपये जमा होत. नऊ शिक्षकांना प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या पगारांची बेरीज ४५ हजारांच्या आतच राही. पालक ज्या गोष्टीसाठी पैसे मोजत होते ती गोष्ट, म्हणजे वर्गात उभे राहून शिकवणे, त्या पैशाच्या एक तृतीयांशात उरकली जात होती.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या नऊ जणांत सर्वांत जास्त पगार माझा होता. माझ्याहून उत्तम गणित शिकवणाऱ्या, बी.एड. झालेल्या स्थानिक सहकारी शिक्षिकेला ३ हजार ५०० रुपये मिळत. तिने वाढ मागितली तेव्हा ‘केरळच्या मॅडमसारखे इंग्रजी बोला, मग बघू’ असे उत्तर तिला माझ्यादेखत मिळाले. मी गप्प राहिले. परदेसिया शिक्षिकेचा उपयोग स्थानिकांचा पगार खाली दाबून ठेवण्यासाठीही होतो, हे त्या दिवशी कळले आणि तरीही मी गप्प राहिले.

शाळेच्या आवारात छत्तीसगढी बोलल्यास पाच रुपये दंड होता. वसुलीची वही माझ्याकडे असे. सहावीतली एक मुलगी एकदा हात वर करून म्हणाली, ‘‘मैडम, पानी पीये बर जाँव?’’ पाणी प्यायला जाऊ का, एवढेच तिने विचारले होते. मी तिचे नाव वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने कारखान्याच्या पाळीवर जाताना, काजळीने काळवंडलेल्या पदराच्या गाठीतून पाच रुपयांचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि वर ‘पोरीला चांगले इंग्रजी शिकवा’ असे हात जोडून विनवले. गेल्या महिन्यातला दूरध्वनी त्याच मुलीचा होता.

शाळाचालकांची बाजूही सांगायला हवी. ते धनाढ्य नव्हते. इमारतीचे कर्ज होते, कित्येक पालकांची फी थकलेली असे. शिक्षण हक्क कायद्यानुसार २५ टक्के जागांवर प्रवेश दिलेल्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारकडून उशिराने येते, अशी त्यांची नित्याची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पण कर्जाचा हप्ता थकवता येत नाही, विजेचे बिल थकवता येत नाही. शाळेच्या खर्चात मनाला येईल तितकी कपात करता येईल अशी एकच बाब होती, ती म्हणजे शिक्षक. तसे का, याचे उत्तर शाळाचालकाच्या स्वभावात शोधून पुरेसे मिळत नाही. ते कायद्यात सापडते.

गोव्यातील ए. सुंदरांबाळ या शिक्षिकेला १९७५ मध्ये शाळेने कामावरून कमी केले. औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागण्यासाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९८८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला : शिक्षक हे त्या कायद्यानुसार ‘कामगार’ नव्हेत. शिकवणे हे अंगमेहनतीचे, कारकुनी किंवा तांत्रिक काम नसून ते एक उदात्त व्रत आहे, असा त्यामागील विचार होता. १९९६ मध्ये हरियाणातील शाळांच्या प्रकरणात हाच विचार पुढे गेला. किमान वेतन कायद्याखाली शिक्षकांचे किमान वेतन राज्य सरकारला ठरवता येणार नाही, कारण शिक्षक त्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

याचा व्यवहारातील अर्थ आमच्या शाळेत दिसत असे. फाटकावरच्या रखवालदाराला आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना निदान कागदावर तरी किमान वेतनाचे संरक्षण होते. समोरच्या कारखान्यात कोळशाच्या राशी उपसणाऱ्या मजुरासाठीही सरकारने दर ठरवलेला होता. आतमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या एम.ए. बाईंसाठी तो नव्हता. आमचे काम इतके थोर मानले गेले की त्याला किमान किंमतच उरली नाही.

ही स्थिती बदलता येते, याचा दाखलाही याच इतिहासात आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना उपदान अर्थात ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही वगळले, त्याच वेळी हा विषय संसदेने पाहावा असे सुचवले. संसदेने २००९ मध्ये व्याख्या दुरुस्त केली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. खासगी शाळांनी तिला आव्हान दिले. २०२२ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. एका व्याख्येतल्या बदलाने देशभरातील शिक्षकांना हक्क मिळाला. मात्र २०१९ च्या वेतन संहितेत कर्मचाऱ्याची व्याख्या नव्याने लिहिताना कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी, पर्यवेक्षकीय, व्यवस्थापकीय अशी कामांची लांबलचक यादी दिली गेली, तरी ‘शिकवणे’ हा शब्द तीत आला नाही.

राज्यांचे चित्र असमान आहे. दिल्लीच्या १९७३ च्या कायद्याने मान्यताप्राप्त खासगी शाळांतील वेतन सरकारी शाळांतील वेतनाहून कमी असू नये असे म्हटले. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरवल्या आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण दिले. परंतु त्याच महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ शाळांतील हजारो शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी काम केले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द गळाला, तरी अनुदानाचे टप्पे मिळवण्यासाठी त्यांना पुन:पुन्हा आंदोलनाला बसावे लागले. छत्तीसगढने २०२० मध्ये खासगी शाळांच्या फीचे नियमन करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी शाळाही सुरू केल्या. पालकांची इंग्रजीची ओढ सरकारने ओळखली, हे चांगलेच झाले. फी किती घ्यावी यावर राज्याचे लक्ष गेले आहे. त्या फीतून शिक्षकाच्या हाती किती पडते, हेही त्याच हिशेबात तपासले जायला हवे.

रसमड्याहून गाडी पुढे राजनांदगावला जाते. मराठी मातृभाषेचे हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून आले. त्यापूर्वी माळव्यातील शाळांत आणि इतरत्र तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. चाळिशी ओलांडल्यावर मिळालेल्या या स्थैर्याला जेमतेम सहा वर्षे लाभली. १९६४ मध्ये ते गेले. शिक्षकाला घरखर्चाची विवंचना नसली तर तो काय करू शकतो, याचा विचार मी त्या स्थानकावर गाडीची वाट पाहत अनेकदा केला आहे.

२०१६ मध्ये मला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि मी प्रमाणपत्रे परत मागितली. करारात तीन महिन्यांची सूचना किंवा तितक्या पगाराची भरपाई अशी अट होती. ही भरपाई मात्र हातात मिळणाऱ्या साडेसहा हजारांच्या हिशेबाने नव्हे, तर ज्यावर मी दरमहा सही करीत होते त्या १४ हजारांच्या हिशेबाने मागण्यात आली. एकूण ४२ हजार रुपये. माझीच सही माझ्याविरुद्ध पुरावा होती. मामांनी पैसे दिले आणि मी माझी पदवी विकत घेतली.

म्हणून माझ्या विद्यार्थिनीला मी दोन दिवसांनी उलट दूरध्वनी केला. मूळ प्रमाणपत्रे दाखव आणि लगेच परत घे. जमा करायच्या त्या साक्षांकित प्रती. पगार बँकेच्या खात्यातच माग. जितके पैसे हातात येतील तितक्याच रकमेवर सही कर. नियुक्तिपत्राची प्रत घरी ठेव आणि एप्रिलमध्ये राजीनाम्यावर सही मागितली तर तारीख पाहिल्याशिवाय करू नकोस. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही बाहेरच्या होतात, म्हणून निघून जाऊ शकलात. मी इथलीच आहे. यांनी नाही म्हटले तर पुढची शाळाही हेच मागणार.’’

तिचे म्हणणे खरे आहे. माझ्या सल्ल्याला पाठबळ देणारा नियम जोवर नाही, तोवर तो पाळण्याची किंमत तिला एकटीलाच मोजावी लागणार. तरीही तिने साक्षांकित प्रतीच दिल्या. शाळेकडून अजून निरोप आलेला नाही.