न सुटणारा नट आणि रायफलचा दस्ता

कला शाखेच्या विद्यार्थ्याने नट-बोल्टवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु छात्रसेनेतील दोन वर्षे आणि मामांच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात घालवलेल्या अनेक सुट्ट्या, यांमुळे एका प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही. पिळून बसवलेली वस्तू उलट पिळली की सुटायला हवी. मग ती कधीकधी का सुटत नाही? आणि सुटत नाही तेव्हा काय करावे? ‘जोर लावावा’ हे उत्तर सर्वांनाच सुचते. ते बहुधा चुकीचे असते आणि काही ठिकाणी फार महागात पडते.

प्रथम नट मुळात टिकतो कसा ते पाहू. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेला बोल्ट दोन्ही भागांना स्प्रिंगप्रमाणे एकमेकांवर दाबून धरतो. या दाबामुळे आट्यांत आणि नटाच्या बुडाशी घर्षण उत्पन्न होते. पान्ह्यावर आपण लावतो त्या जोरापैकी सुमारे नऊ-दशांश या घर्षणातच खर्ची पडतो. जेमतेम एक-दशांश बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. थोडक्यात, नट जागेवर राहतो तो घर्षणाच्या जिवावर.

न सुटणाऱ्या नटांच्या माझ्या मते तीन जाती आहेत. पहिली जात गंजलेल्या नटांची. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधली बारीक फट भरून जाते आणि नट आतून चेपला जातो. यावर उपाय रॉकेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने ते फटीत शिरते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. मामा संध्याकाळी चार थेंब सोडून सरळ घरी जातात आणि सकाळी हातोडीने हलक्या टिचक्या मारून नट प्रथम किंचित आवळतात, मग सोडवतात. आवळण्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

दुसरी जात उलट्या आट्यांची. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे चालवताना ते आपोआप सुटू नये. हे ठाऊक नसलेला गडी सोडवायच्या समजुतीने ते आवळतच राहतो. येथे दोष पायडलचा नव्हे, दिशेचा!

तिसरी जात सर्वांत फसवी: मुद्दाम कुलूपबंद केलेल्या नटांची. यंत्र हादरते तेथे घर्षणावर विसंबता येत नाही, म्हणून कारागीर नटाला पहारेकरी देतो. कोठे दुसरा चेकनट, कोठे स्प्रिंग वॉशर, कोठे आरपार घातलेली फाट्याची पिन. अमेरिकेच्या एम-४ कार्बाइनमध्ये दस्त्याची नळी धरणाऱ्या नटाच्या खाचेत शेजारच्या पट्टीचा धातू पंचाने ठोकून दाबतात. काही ठिकाणी आट्यांत हवा नसली की घट्ट होणारा द्रव भरतात. लॉकटाइट नावाचा असा द्रव १९५३ साली व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी तयार केला, हे आमच्या प्राध्यापकवर्गास आवडावे! असा नट तापवून सोडवतात. पंच मारलेल्या नटाचा दाबलेला धातू आधी दूर करावा लागतो. तेल आणि जोर येथे कामाचे नाहीत. पहारेकरी ओळखून आधी त्याला बाजूस करायचे असते.

याचे उत्तम उदाहरण मी कवायतीच्या .३०३ रायफलमध्ये पाहिले. ली-एन्फील्ड घराण्यातील क्रमांक १ मार्क ३ ही रायफल १९०७ साली ब्रिटिश सैन्यात आली आणि पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. तिचे लाकूड दोन तुकड्यांचे असते: खांद्याला लागणारा दस्ता वेगळा आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. त्यामुळे शिपायाच्या हाताच्या लांबीनुसार आखूड किंवा लांब दस्ता बसवता येई. दस्त्याच्या आतून एक लांब बोल्ट जातो आणि दस्त्याला रायफलच्या लोखंडी अंगाशी जखडतो. मागच्या पितळी पट्टीतले छोटे दार उघडून तेलाची बाटली काढली आणि तळाचा चामड्याचा बोळा ओढला, की खोलवर त्या बोल्टचे खाचेचे डोके दिसते.

पाहणाऱ्यास वाटते, लांब स्क्रू-ड्रायव्हर घालावा आणि फिरवावा. येथेच घात होतो. या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडाच्या मागील टोकाशी बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. हाच त्याचा पहारेकरी. गोळीच्या धक्क्याने बोल्ट सैल होऊ नये, कारण दस्ता हलला तर नेमही जातो आणि लाकूडही चिरते, म्हणून ही योजना. पुढचे लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर चौकोनी टोक पट्टीला पिळते आणि अक्रोडाचे जुने लाकूड फाटते. एका तुकडीच्या कोतमध्ये असे फाटलेले लाकूड मी पाहिले आहे. ज्याने ते फाडले त्याच्या मनगटात ताकद भरपूर असली पाहिजे!

आमच्या आर्मररनी मनगटाशी चिरलेला दस्ता बदलला तेव्हा मी शेजारी उभा होतो. (हे काम त्यांचेच, कॅडेटने हात लावायचा नसतो.) त्यांनी प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री केली. मग मॅगझीन, तोंडाची टोपी, पट्ट्या, नळीवरची लाकडे आणि घोड्याच्या कड्याचे स्क्रू क्रमाने काढून पुढचे लाकूड हलकेच उतरवले. आता चौकोनी टोक मोकळे झाले. तरीही बोल्ट हलेना! लाकडाला वर्षानुवर्षे चोळलेले जवसाचे तेल हवेने सुकून घट्ट होते; तसे ते डोक्याभोवती बसले होते. तापवण्याचा प्रश्न नव्हता, लाकूड जळाले असते. त्यांनी थोडे तेल सोडले, चहा घेतला आणि खाच पूर्ण भरेल असे रुंद पात्याचे हत्यार निवडले. “पाते अरुंद असेल तर स्क्रू नव्हे, खाच सुटते,” ते म्हणाले. मुठीवर दोन ठोके, अंगाचा भार खाली आणि मग सावकाश पीळ. ‘कट्’ असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला. नवा दस्ता आवळताना त्यांनी चौकोनी टोक सरळ उभे राहील एवढे पाहिले, म्हणजे पट्टी त्यावर बिनबोभाट बसेल.

पुढे आलेल्या क्रमांक ४ रायफलमध्ये ही पट्टी गेली आणि बोल्टच्या डोक्याखाली स्प्रिंग वॉशर आला. म्हणजे एका रायफलचा धडा दुसरीस जसाच्या तसा लागू पडत नाही; प्रत्येक वेळी पुन्हा पाहावे लागते.

मामांच्या दुकानात नवा पोऱ्या आला की तो आधी मोठा पान्हा शोधतो. मामा त्याच्या हातातून तो काढून घेतात आणि विचारतात, “हा नट कोणी धरून ठेवलाय, ते बघितलंस का?” गंजाने, दिशेने की पहारेकऱ्याने, एवढे कळले की अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यास मग लहान पान्हाही पुरतो.