सपाट फाइलींतील संदेशांची सशर्त मार्गनिवड

एका संगणकप्रणालीतून दुसरीकडे माहिती धाडण्याचे अनेक प्रकार आज रूढ आहेत. तथापि बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांच्या देवघेवीत सपाट फाइल हा जुना प्रकार अद्याप टिकून आहे. सपाट फाइल म्हणजे साध्या अक्षरांच्या ओळी. प्रत्येक ओळ ही एक नोंद. ओळीतील कोणता भाग कशाविषयीचा आहे हे तीत कोठेही लिहिलेले नसते. अमुक स्थानापासून अमुक स्थानापर्यंत नाव, त्यापुढे रक्कम, असा केवळ पूर्वसंकेत असतो. असा संदेश ठरलेल्या अटींनुसार योग्य त्या ठिकाणी कसा वळवावयाचा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ स्वरूप टपालाच्या वर्गीकरणात दिसते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अमलात आला. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या योजनेचे जनक. सहा अंकांपैकी पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा दाखवितात, उरलेले तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. गिरगावचा अंक ४००००४. परळ व लालबाग ही नावे दोन, परंतु अंक ४०००१२ हा एकच. याच्या उलट दादर हे नाव एक, पण रेल्वेच्या पूर्वेस ४०००१४ आणि पश्चिमेस ४०००२८. केवळ नावावरून मार्ग ठरविणारा येथे फसणार हे उघड आहे. म्हणून अट घालावयाची ती संकेतांकावर, नावावर नव्हे. धनादेशावरील नऊ अंकी एमआयसीआर संकेतांकाचे पहिले तीन अंकही पिनकोडाशी जुळते ठेवले आहेत, मुंबईचे ४००. पुढील तीन बँकेचे व शेवटचे तीन शाखेचे.

परंतु संकेतांक सपाट ओळीतून उचलणे वाटते तितके सोपे नाही. शाखेचा ००२ हा अंक संख्या म्हणून वाचला, तर त्याचा २ होतो आणि पुढील सर्व स्थाने दोन घरे सरकतात. देवनागरी मजकुरात आणखी एक अडचण उद्भवते. 'दादर' या शब्दात काना धरून चार चिन्हे आहेत. पण यूटीएफ-८ पद्धतीत ती बारा बाइट व्यापतात. लांबी चिन्हांत मोजावयाची की बाइटांत, हे संकेतात स्पष्ट नसेल, तर नावाचे शेपूट पिनकोडाच्या जागी येऊन बसते.

यास्तव कामाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम फाइलीच्या अखेरच्या ओळीत दिलेली नोंदींची संख्या व एकूण रक्कम ताडून पाहावी. कारण फाइल फोडल्यावर तो पडताळा घेणे दुर्घट होते. नंतर नोंदी सुट्या कराव्यात. मग प्रत्येक नोंदीतील संकेतांक काढून तो संदेशाच्या वेष्टनावर लिहावा. मार्ग ठरविणाऱ्या यंत्रणेने वेष्टन तेवढे वाचावे, आतला मजकूर उघडू नये. पाकिटावर पत्ता असतो तो याचसाठी. असे केल्याने फाइलीची मांडणी बदलली तरी मार्गाच्या अटी बदलाव्या लागत नाहीत.

अटींविषयी दोन प्रश्न नेहमी विचारावेत. एकच नोंद दोन अटींत बसते काय? काही यंत्रणा जुळणारी पहिलीच अट मानतात. काही जुळणाऱ्या प्रत्येक मार्गावर एकेक प्रत धाडतात. समजा, एक अट '४००ने सुरू होणारे सर्व' अशी आहे व दुसरी '४०००१२' अशी. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत परळच्या लाभार्थ्यास तेच निवृत्तिवेतन दोनदा जमा होण्याचा संभव आहे. दुसरा प्रश्न असा की, कोणत्याच अटीत न बसणाऱ्या नोंदीचे काय होते? टपाल खाते अशा पत्रांसाठी स्वतंत्र कार्यालय ठेवते. संगणकप्रणालीतही अशा नोंदींसाठी वेगळी रांग असावी, आणि ती रोज पाहणारा जबाबदार माणूस नेमलेला असावा. चुकीच्या ठिकाणी गेलेल्या रकमेची तक्रार कोणीतरी करतो. वाटेत मूकपणे गळालेल्या नोंदीचा पत्ता मात्र ज्याचे पैसे अडले त्यालाच, आणि तोही महिनाअखेरीस, लागतो.