माणसांचा अंदाज संगणकाचा, नोंद मात्र गावाची



भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 11,36,146 होती, 2011 मध्ये 12,00,334 झाली. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 साठी ठरली. मधल्या वर्षांत अंदाजावरच भागवावं लागतं.

जुनी रीत सोपी: मागं वाढली तितकीच पुढं धरायची. पण जन्म घटले, पोरं कामाला नागपूर-पुण्याला गेली, की हिशेब चुकतो. आता ‘मशीन लर्निंग’ची रीत आली आहे. जन्म-मृत्यू, शाळेचा पट, उपग्रहातून दिसणारी घरं यांचे जुने आकडे संगणकाला देतात, त्यावरून तो पुढचा अंदाज काढतो. जाणता शेतकरी पाऊस, वाण, रोवणीची वेळ पाहून धानाचा उतारा सांगतो ना, तसंच. त्याची परीक्षाही घेता येते: 2001 पर्यंतचेच आकडे द्यायचे, 2011 चा विचारायचा आणि खऱ्या आकड्याशी ताडून पाहायचं.

नळयोजनेत माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. गावात 200 माणसं कमी धरली, तर रोज 11,000 लिटरची तूट!

म्हणून जन्म-मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत कराच. शेवटी पेराल तेच उगवेल.